कागदाचा फोटो नको, मजकूर द्या

प्रति,
माहिती तंत्रज्ञान विभाग आणि मराठी भाषा विभाग, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई;
तसेच राज्यातल्या महापालिका, जिल्हा परिषदा, विद्यापीठे आणि परीक्षा मंडळे यांची संकेतस्थळे सांभाळणारे अधिकारी, कर्मचारी आणि त्यांचे कंत्राटदार

विषय : संकेतस्थळांवरील मराठी कागदपत्रे शोधता, उचलता व ऐकता येण्याबाबत

महोदय, महोदया,

प्रत्येक सोसायटीत एक माणूस असा असतो, की ज्याच्याकडे सगळे आपापला मोबाइल घेऊन येतात. वायफाय अडलं, जुन्या फोनमधले फोटो नव्यात न्यायचेत, टीव्हीचा रिमोट हरवला म्हणून फोनवरून टीव्ही चालवायचाय. आमच्या इमारतीत तो माणूस मी. मला या कामाचा त्रास होत नाही, उलट मजा येते. नवा फोन हातात पडला की लोक आधी कॅमेरा उघडतात, मी सेटिंग्ज उघडून बसतो. तेव्हा तंत्रज्ञानाला विटलेल्या माणसाचं हे पत्र आहे असं कृपया समजू नये.

अलीकडे मात्र लोक माझ्याकडे आणतात त्या दुखण्यांची जात बदलली आहे. फोन ठणठणीत असतो, फोनमधला कागद आजारी असतो. शाळेतल्या बाईंना जाडजूड शासन निर्णयात आपल्या संवर्गाचा उल्लेख कुठे आहे ते बघायचं असतं. निवृत्त काकांना पालिकेच्या यादीत आपल्या गल्लीचं नाव शोधायचं असतं. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलीला जाहिरातीतली वयाची अट मैत्रिणीला पाठवायची असते, तेवढ्याच दोन ओळी. शोधचौकटीत शब्द टाकला की यंत्र सांगतं, सापडला नाही. शब्द तर डोळ्यांसमोर पानावर ठळक छापलेला दिसत असतो. मग ती मंडळी माझ्याकडे येतात आणि विचारतात, "माझ्या फोनमध्ये मराठी टाकून द्याल का?"

फोनमध्ये मराठी असतंच. ते कागदात नसतं. हे पत्र एवढ्याचसाठी.

एखादं परिपत्रक कसं जन्माला येतं ते तुम्हाला मी सांगायला नको. कुणीतरी ते संगणकावर टंकतं. त्या क्षणी तो खराखुरा मजकूर असतो, त्यातला शब्दन् शब्द शोधता येतो, उचलता येतो, मोजता येतो. मग त्याची छापील प्रत निघते, साहेबांची सही होते, जावक क्रमांक पडतो, गोल शिक्का बसतो. आणि मग तो कागद, बहुधा जरासा तिरका, स्कॅनरच्या काचेवर ठेवला जातो. त्यातून जे निघतं तो कागदाचा फोटो. पीडीएफच्या वेष्टनात गुंडाळून, 'स्कॅन ०००१' अशा नावानं, तो संकेतस्थळावर चढवला जातो. संगणकात तयार झालेला मजकूर परत संगणकात पोचेपर्यंत मेलेला असतो, आणि त्याला मारायला आपण वीज, शाई, कागद आणि एका कर्मचाऱ्याचा अर्धा तास खर्च केलेला असतो.

"आमच्याकडे माणसं कमी आहेत, हे सगळं करायला वेळ नाही," असं उत्तर अशा मागणीला हमखास मिळतं. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. मी जादा काम मागत नाही, मधलं एक काम सोडून द्या असं सांगतो आहे.

जाता जाता वजनाचंही सांगतो. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या जागतिक प्रमाणात, देवनागरीच्या एका चिन्हाला सर्वसाधारणपणे ३ बाइट लागतात. पानावर २००० चिन्हं धरली तर मजकूर झाला ६ किलोबाइटचा. त्याच पानाचं स्कॅन काही शे किलोबाइटचं होतं, रंगीत असेल तर त्याहून मोठं. चांगली रेंज असणाऱ्याला हा फरक कळतही नाही. डोंगराच्या कडेला एक काडी रेंज धरून उभ्या असलेल्या माणसाला तो कळतो.

स्कॅन हा झाला आजाराचा एक प्रकार, आणि तो निदान उघड दिसतो. दुसरा प्रकार जुन्या फाँटचा. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी, किरण, सी-डॅकचे योगेश आणि सुरेख ही नावं तुमच्या कार्यालयातल्या जुन्या संगणकांवर अजून सापडतील. या फाँटमधला मजकूर म्हणजे बहुरूपी. वेश मराठीचा, आत रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं. पडद्यावर 'महाराष्ट्र' दिसतं, पण संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजी मुळाक्षरं, डॉलरची खूण आणि कंस यांची खिचडी साठवलेली असते. तो फाँट ज्याच्याकडे आहे त्याला मराठी दिसतं, बाकीच्यांना खिचडी. शिवाय प्रत्येक फाँटची खिचडी निराळी, त्यामुळे एकातला मजकूर दुसऱ्यात नेला की पुन्हा वेगळाच गोंधळ.

यात टंकलेखकांना बोल लावण्यात अर्थ नाही. रेमिंग्टनच्या मराठी टंकयंत्रावर बोटं घडलेल्या पिढीनं मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा दिली आणि नोकरी मिळवली. संगणक आला तेव्हा या फाँटनी त्यांना तोच कळपाट दिला, बोटांना काहीच नवं शिकावं लागलं नाही. दुसरीकडे सरकारी प्रमाण म्हणून पुढे आलेला इनस्क्रिप्ट कळपाट होता. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि सगळ्या भारतीय लिप्यांना तीच जागा. रचना हुशारीची, पण वीस वर्षं टंकलेल्या हाताला सांगायचं की आता पहिल्यापासून सुरू कर, हे सोपं नसतं. लोकांनी जुनाच रस्ता धरला. ते तेव्हा समजण्यासारखं होतं. आज मात्र रेमिंग्टनच्याच कळा दाबून सरळ युनिकोड मजकूर टंकता येतो, तशी साधनं फुकट मिळतात. बोटांची सवय मोडावी लागत नाही, सेटिंग बदलावं लागतं. ते बदलून द्यायला तालुक्यातल्या प्रत्येक कार्यालयात एकदा कुणीतरी जायला हवं, एवढंच.

मला या सगळ्यात खरी चुटपुट लागते ती इतिहासाची. भारतीय लिप्या संगणकावर कशा बसवायच्या या कामात आपण मागे नव्हतो, पुढे होतो. कानपूरच्या आयआयटीत १९८० च्या दशकात सुरू झालेलं जिस्ट तंत्रज्ञान पुढे पुण्यात सी-डॅकमध्ये वाढलं. सी-डॅकची स्थापना १९८८ सालची. त्या काळी संगणकात एक जिस्ट कार्ड बसवलं की इंग्रजी प्रोग्रॅममध्ये देवनागरी उमटायची, आणि बघणाऱ्यांना ती जादू वाटायची. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोनं भारतीय लिप्या संगणकात साठवण्याचं इस्की हे प्रमाण जाहीर केलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिनं देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवरून घेतली. आज जगातला कुठलाही फोन 'क' नंतर 'ख' ज्या क्रमानं साठवतो, त्यामागे इथल्या लोकांनी केलेलं काम आहे. केंद्रानं ई-प्रशासनासाठी युनिकोड हेच प्रमाण ठरवलं ते नोव्हेंबर २००९ मध्ये. योगायोग बघा, त्याच महिन्यात, ६ नोव्हेंबर २००९ ला, आपल्या राज्यानं मराठी वर्णमालेचा शासन निर्णय काढला, त्यात मराठी वळणाचा ल आणि श परत आणला. दोन्ही गोष्टी कागदावर पक्क्या झाल्या त्याला किती काळ लोटला, तुम्हीच मोजा.

आता तिसरा आजार, सगळ्यांत फसवा. इथे टंकलेखकानं सगळं बरोबर केलेलं असतं. फाँट युनिकोड, स्कॅनरला हात लावलेला नाही, पीडीएफमधला मजकूर माउसनं निवडताही येतो. पण चिकटवला की दिसतं, 'शिक्षण' मधली वेलांटी सुटून पुढे गेली आहे आणि 'क्ष' चा पत्ताच नाही. रफार हरवले, जोडाक्षरांच्या जागी रिकामे चौकोन.

याचं कारण पीडीएफच्या स्वभावात आहे. १९९३ मध्ये हा प्रकार आला तो कागद कुठेही तसाच्या तसा दिसावा आणि छापला जावा यासाठी. त्याला शब्द कळत नाहीत. 'या जागी हा आकार काढ' एवढंच त्याला ठाऊक असतं. इंग्रजीत एका अक्षराला एक आकार, त्यामुळे आकारावरून अक्षराकडे परत येता येतं. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी टंकली जाते व्यंजनानंतर आणि काढली जाते व्यंजनाआधी. 'क्ष' दिसायला एक, आत तीन चिन्हं. रफार साठवला जातो आधी, दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. आकारांकडून अक्षरांकडे परत यायचा नकाशा फाइलमध्ये नीट भरला नसेल तर मराठीचे तुकडे होतात. फाइल कशी बनवली यावर बरंच अवलंबून असतं. वर्डमधून 'प्रिंट' देऊन पीडीएफ काढली तर शीर्षकं, तक्ते, वाचनाचा क्रम हे सगळं गळून पडतं. 'सेव्ह ॲज' करून काढली तर निदान ही रचना टिकू शकते. त्याहून सोपा उपाय म्हणजे तोच मजकूर साध्या वेबपानावर ठेवणं आणि सहीची पीडीएफ त्याला जोडणं. वेबपानाला हा रोगच होत नाही.

वेबपानाचा विषय निघालाच आहे तर एक बारीकशी गोष्ट. पानाच्या सुरुवातीला, लोकांना न दिसणाऱ्या भागात, 'या पानाची भाषा मराठी' असं सांगणारी एक छोटी खूण टाकता येते. अर्ध्या ओळीचं काम. ती नसली, किंवा कंत्राटदारानं नमुना पान उचलून इंग्रजीची खूण तशीच ठेवली, तर फाँटला वाटतं हिंदी असेल, आणि तो हिंदी वळणाचा ल-श दाखवतो. ती खूण बरोबर असेल तर नोटोसारखे फाँट आपोआप मराठी वळण घेतात. २००९ च्या त्या शासन निर्णयाची अंमलबजावणी पडद्यावर व्हायची असेल तर ती अशा अर्ध्या ओळीतून होते.

ही खूण आणखी एका कामाची आहे. अंध वापरकर्त्याचा फोन किंवा संगणक पान वाचून दाखवतो तेव्हा कोणत्या भाषेच्या आवाजात वाचायचं हे त्यावरून ठरतं. स्कॅनपुढे तो गप्प बसतो किंवा 'चित्र' असं म्हणून पुढे सरकतो. जुन्या फाँटपुढे तो इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं एकेक करून म्हणू लागतो. तुटक्या पीडीएफपुढे तो असं मराठी बोलतो की ऐकणाऱ्याला हसावं की रडावं कळू नये. दृष्टी नसलेले विद्यार्थी राज्यसेवेची तयारी करतात, बँकांत आणि शाळांत नोकऱ्या करतात, एनव्हीडीएसारखं फुकट मिळणारं साधन वापरून मराठी वाचतात. त्यांच्यासाठीचा शासन निर्णयसुद्धा स्कॅन करून टाकला तर तो त्यांनी शेजाऱ्याकडून वाचून घ्यायचा का? दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ चं कलम ४२ इलेक्ट्रॉनिक माध्यमातली माहिती वापरता येईल अशा स्वरूपात द्यायला सांगतं. माहिती अधिकार अधिनियम, २००५ चं कलम ४(४) स्थानिक भाषा आणि सहज मिळणारं इलेक्ट्रॉनिक स्वरूप या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगतं. सरकारी संकेतस्थळांसाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. नियम कमी पडलेले नाहीत.

तुमच्या बाजूच्या हरकतीही खोट्या नाहीत. पहिली, मजकूर दिला की कुणीही त्यात फेरफार करेल. पण स्कॅनमध्ये फेरफार करणं तर फोनवरचं कुठलंही फोटोचं ॲप शिकलेल्या पोराच्या हातचं आहे, आणि पकडायला काही साधन नाही. डिजिटल सही असलेल्या फाइलमध्ये एक अनुस्वार हलला तरी सही बोंब मारते. आपल्याच राज्यात २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळतो, १५ रुपये भरून, घरबसल्या. हे काम उत्तम झालं आहे आणि ते मी भेटेल त्याला सांगतो. अडचण पुढच्या टप्प्यावर येते. अनेक डिजिटल सह्यांशेजारी एक पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं, कारण त्या संगणकाला सही देणाऱ्या संस्थेची ओळख करून दिलेली नसते. ते बघून समोरचा कर्मचारी बिचकतो. मला एका कार्यालयात अशी फाइल छापून, तिच्यावर शिक्का मारून, साक्षांकित करून आणायला सांगितलं होतं. डिजिटल सहीचा छापील कागद साक्षांकित करणं हा विनोद तिथे कुणालाच विनोद वाटला नाही. त्या कर्मचाऱ्याची चूक नव्हती, प्रश्नचिन्हाचा अर्थ त्याला कुणी सांगितलेलाच नव्हता.

दुसरी हरकत जास्त गंभीर आहे. काही कागद मुद्दाम न शोधता येण्यासारखे ठेवावे लागतात. निवडणूक आयोगानं २०१८ मध्ये मतदार याद्या चित्ररूपात द्यायला सुरुवात केली. लाखो लोकांची नावं-पत्ते यंत्रानं एका फटक्यात ओरबाडू नयेत हे त्यामागचं कारण. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि त्याच वर्षी न्यायालयानं आयोगाची बाजू मान्य केली. यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल, पण निदान तो विचार करून घेतलेला निर्णय आहे. शिक्षकांच्या बदल्यांचे निकष, पीकविम्याची मुदत, पाणीपट्टीचे दर, वसतिगृहाच्या प्रवेशाची अट यांत कुणाचं खासगी गुपित आहे? तिथे चित्र टाकलं जातं ते केवळ स्कॅनर टेबलाजवळ आहे म्हणून.

मजकूर शुद्ध मिळाला तरी एक बारकी भानगड राहतेच, आणि ती तुमच्या शोधचौकटीच्या कंत्राटदारासाठी आहे. 'बँक' हा शब्द दोन तऱ्हांनी टंकता येतो. एक, ब वर चंद्रबिंदू. दोन, ब वर अर्धचंद्र आणि मग वेगळा अनुस्वार: बॅंक. दिसायला दोन्ही जवळजवळ सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. 'ॲ' साठी युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती एप्रिल २००८ च्या आवृत्तीत. त्याआधी लोक अ वर चंद्र ठेवून भागवत, काही कळपाट अजून तसंच करतात. 'दऱ्या' मधला र दोन मार्गांनी येतो. आकडे कुणी २०२४ असे मराठीत लिहितो, कुणी इंग्रजी आकडे वापरतो. वाचणाऱ्याला याची खबरही नसते, आणि असायचं कारणही नाही. शोधचौकटीनं ही जोडरूपं एकच मानली पाहिजेत. हे काम एकदाच करायचं असतं आणि कुठल्याही बऱ्या प्रोग्रॅमरला ते दोन दिवसांत जमतं. अकारविल्ह्याचंही तसंच. मराठीत ळ येतो ह नंतर, मग क्ष आणि ज्ञ. युनिकोडच्या क्रमांकांनी लावलेल्या यादीत ळ ल च्या मागोमाग येऊन बसतो. मराठीचा क्रम आंतरराष्ट्रीय नियमांत नोंदवलेला आहे, सॉफ्टवेअरला फक्त 'मराठी क्रम वापर' असं सांगायचं असतं. सांगितलं जात नाही, म्हणून गावांच्या यादीत ळ ची गावं लोकांना सापडत नाहीत, असं म्हणणार होतो. पण ळ नं सुरू होणारं गाव कुठे आहे? घोटाळा शब्दाच्या पोटात होतो, काळे आणि काशीद यांच्या क्रमात.

काळे आडनावावरून आठवलं. अर्जात नाव फक्त इंग्रजीत घ्यायचं आणि मराठी रूप यंत्रानं बनवायचं, ही पद्धत कृपा करून थांबवा. रोमन लिपीत ळ नाही, ण नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही. के-ए-एल-ई यावरून यंत्रानं काळे, काले, कळे, कले यांतलं काय निवडायचं? ते काहीतरी निवडतं. मग सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं, आणि अनुदान अडकल्यावर तो माणूस प्रतिज्ञापत्र करायला तहसीलबाहेर रांगेत. मराठी नाव मराठीत लिहून घ्या, त्यावरून इंग्रजी बनवा. उलटा प्रवास बराच कमी चुकतो.

तुमच्याकडून येणारे एसएमएस इंग्रजी लिपीतल्या मराठीत का येतात, हे मला कळतं. साध्या इंग्रजी अक्षरांचा संदेश १६० अक्षरांचा असतो. देवनागरीचं एक चिन्ह आलं की मर्यादा ७० वर येते, म्हणजे तोच निरोप दोन-तीन संदेशांत तुटतो आणि बिल वाढतं. ही अडचण खरी आहे. पण तो निरोप वाचणारी आजी इंग्रजी मुळाक्षरं ओळखत नाही, त्यामुळे वाचवलेले पैसे तिथे वाया जातात. ७० चिन्हांत बसेल असा निरोप लिहिता येतो. 'आपणांस कळविण्यात येते की' एवढं वगळलं तरी तिसरा हिस्सा रिकामा होतो.

हे सगळं आत्ताच सांगण्याचं कारण आहे. यंत्रानं भारतीय भाषांत भाषांतर करावं यासाठी केंद्राची भाषिणी योजना २०२२ मध्ये सुरू झाली. राज्यानं २०२५ मध्ये शेतीसाठी महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं. शेतकऱ्यानं फोनला मराठीत विचारावं आणि फोननं मराठीत उत्तर द्यावं, हे स्वप्न मलाही आवडतं. मी अशा यंत्रांशी रात्री उशिरापर्यंत गप्पा मारणाऱ्यांतला आहे. पण यंत्र उत्तर देतं ते वाचलेल्यातून. ठिबकच्या अनुदानाचा निर्णय स्कॅनमध्ये कोंडलेला असेल तर यंत्रानं तो वाचलेलाच नसतो. मग ते इंग्रजीतून किंवा शेजारच्या राज्याच्या योजनेवरून अंदाज बांधतं आणि तो अंदाज मोठ्या आत्मविश्वासानं मराठीत सांगतं. त्या अंदाजावर विसंबून कुणीतरी पाइप विकत घेतो. एआयसाठी कोट्यवधी खर्च करण्याआधी त्याला वाचायला द्यायचं सामान आपल्याच कपाटात आहे, ते उघडा.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा नाणेघाटातल्या ब्राह्मी लेखांची आठवण सगळ्यांनी काढली, मीही पेढे खाल्ले. दोन हजार वर्षांपूर्वीचा दगड अभ्यासकांना वाचता येतो याचा अभिमान जरूर असावा. गेल्या महिन्याचं परिपत्रक संगणकाला वाचता येत नाही, याची थोडी लाजही त्यासोबत असायला हरकत नाही. आपल्याला हे जमत नाही असंही नाही. मराठी विश्वकोशाच्या नोंदी संकेतस्थळावर युनिकोडमध्ये आहेत, शब्द टाकला की नोंद उघडते. शासनाचे परिभाषा कोशही तसे शोधता येतात. मराठी विकिपीडिया २००३ पासून हौशी लोकांनी उभा केला, त्यांच्याकडे ना कंत्राट होतं ना निविदा.

तेव्हा मागणी अशी. आजच्या तारखेपासून जो कागद संगणकावर टंकला जातो, त्याचा मजकूर वेबपान म्हणून चढवा आणि डिजिटल सहीची पीडीएफ शेजारी ठेवा. हाताची सही लागतच असेल तर तो स्कॅनही ठेवा, पण मजकुराच्या जोडीला, त्याच्या जागी नको. फाइल चढवणाऱ्या कर्मचाऱ्याला एकच कसोटी द्या. चढवण्याआधी त्यातला एक जोडाक्षराचा शब्द शोधून बघायचा आणि एक वाक्य उचलून दुसरीकडे चिकटवून बघायचं. जमलं तर चढवा, नाही जमलं तर परत पाठवा. कंत्राटात हीच अट घाला, बिल पास करण्याआधी विभागातल्याच कुणी डोळे मिटून, फोनला वाचायला लावून, पान ऐकावं. कंत्राटदाराच्या सादरीकरणात फिरणारी चित्रं कमी असली तरी चालतील.

जुना साठा प्रचंड आहे आणि तो सगळा एकदम व्हावा असं मी म्हणणार नाही. चित्रातून मजकूर ओळखणारी साधनं आता मराठी बऱ्यापैकी वाचतात. टेसरॅक्ट हे फुकटचं साधनही मराठी जाणतं. चुका राहतील. जोडाक्षरं आणि तक्ते हमखास फसतील, म्हणून यंत्रानं वाचलेल्या मजकुरावर 'तपासायचा आहे' असं स्पष्ट लिहा. जुन्या फाँटचं युनिकोड करणारी परिवर्तकं तर वर्षानुवर्षं उपलब्ध आहेत. जे कागद लोक सर्वांत जास्त उघडतात, त्यांपासून सुरुवात करा. कोणते ते तुमच्या सर्व्हरच्या नोंदींत दिसतंच. तपासायला माणसं हवी असतील तर हाक मारा. माझ्यासारखे सेटिंग्ज उघडून बसणारे लोक प्रत्येक तालुक्यात आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, शुद्धलेखनावरून भांडणारे तर पुष्कळच आहेत. रविवारी सकाळी चहा पाजलात तरी येतील.

हे पत्र युनिकोड मजकूर म्हणून ईमेलनं पाठवत आहे, छापील प्रत सोबत नाही. आवक शिक्का कुठे मारायचा असा प्रश्न टपाल शाखेला पडेल. क्रमांक टंकून कळवला तरी मला पुरे आहे.

आपला,
आमच्या इमारतीतला मोबाइलवाला